पांढरीतल्या लेकरांच्या दिशा

कागदोपत्री मी ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पदाचं नाव तेच, आणि आमचा शिपाई मोठ्या आदबीनं मला ‘ड्राफ्ट्समनबाई’ म्हणायचा. औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर आमचं उत्खननाचं ऑफिस होतं. खाली धोतरजोड्या, वर तीन हजार वर्षांपूर्वीची खापरं. खापरांची चित्रं काढायची, खड्ड्यांचे नकाशे काढायचे, आणि हिवाळ्यात दोन महिने साइटवर जाऊन जे निघेल ते कागदावर उतरवायचं, एवढं माझं काम. निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शनला तेव्हा पंचविसेक वर्षं होऊन गेली होती. मापं जुन्या कागदांवर उर्दूत आणि नव्या कागदांवर इंग्रजीत असायची. मराठीत फक्त मी कुरकुरायची.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी माझी मुलगी गेली. सात महिन्यांची होती. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. दात यायच्या आधी गेलेलं मूल आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बायका जात नाहीत. माझे यजमान तिला धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन गेले, बरोबर त्यांचे थोरले भाऊ. दीड-दोन तासांत परत आले, दारातच अंघोळी केल्या. मी विचारलं, कुठं ठेवलं? उत्तर सासूबाईंनी दिलं.

“जागा इचारू नको. जागा कळली की पाय तिकडंच वळतेत.”

मग मी विचारलं नाही. पण मला तेवढं एकच हवं होतं. कुठं ठेवली आणि कशी ठेवली. बाकी कशानंच मला काही होत नव्हतं. लोक भेटायला आले, रडले, मी त्यांना चहा केला. एक लांबची चुलती मला हलवून हलवून म्हणाली, रड गं बाई, रडून घे. मी तिच्या पदराचा काठ बघत बसले, तो निघत आला होता. हे सांगायची आजही लाज वाटते, पण खरं तेच आहे. अंगाला सुई टोचावी आणि कळू नये, तसं सगळं चाललं होतं. यजमान चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. ते आठव्या दिवशी कामावर गेले. आम्ही दोघं जेवताना भाजीत मीठ कमी-जास्त झाल्याचं बोलायचो, बाकी काही नाही.

साइटवर जायची वेळ आली तेव्हा मला वाटलं सासूबाई अडवतील. त्यांनी उलट माझी वळकटी बांधून दिली. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बाहेरचं वारं लागलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

साइट गंगापूरच्या पुढं होती. गंगापूरपर्यंत एसटी, तिथून ऑफिसची जीप, उसाच्या गाड्यांमागून रखडत. गोदावरीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठावर राखाडी मातीचं बुटकं टेकाड होतं. जुनी वस्ती मोडून जिथं अशी भुसभुशीत माती होते, तिला आपल्याकडं पांढर म्हणतात. शेतकरी ती माती खत म्हणून नेतात. त्या पांढरीच्या पोटात घरांच्या गोल-चौकोनी जमिनी होत्या, चुली होत्या, जळक्या ज्वारीचे दाणे होते. आणि त्या जमिनींच्या खाली, चुलीपासून हातभर अंतरावर, लहान मुलं पुरलेली होती.

याची मला कल्पना नव्हती असं नाही. असल्या वस्त्यांत असंच निघतं, हे मी आदल्या वर्षीच्या अहवालात स्वतःच्या हातानं रेखाटलं होतं. दोन मडकी आडवी ठेवायची, तोंडाला तोंड लावून. एकात मुलाचं डोकं आणि छाती, दुसऱ्यात पाय. शेजारी एखादं छोटं बोळकं. मग वर माती, वर शेणाचा सारवा, आणि घर पुन्हा चालू. आदल्या वर्षी काढताना मी पोटुशी होते आणि मडक्याच्या कडेची जाडी बरोबर आली की नाही याचीच काळजी करत होते.

आमचे सर, म्हणजे उत्खननाचे प्रमुख, पुण्याकडचे. हाडाचे मास्तर, आणि आकाशाचं वेड. जुन्या लोकांना आकाशातलं काय कळत होतं, हे त्यांना जमिनीतून काढायचं होतं. त्यांचं म्हणणं सोपं होतं: ज्यांनी लिहून ठेवलं नाही, त्यांनी काय बघितलं हे त्यांनी काय कुठल्या दिशेला ठेवलं यावरून कळतं. एखादी कबर कुठंही वळलेली असेल. पण वीस कबरी एकाच बाजूला वळल्या, तर ठेवणाऱ्यानं आधी मान वर करून पाहिलेलं असतं. आमची मडकी उत्तर-दक्षिण निघत होती, डोकं उत्तरेला. मग त्या लोकांना उत्तर सापडली कशी? मी म्हटलं, ध्रुव बघून. सर खूश झाले, कारण हे चुकीचं उत्तर त्यांना हवंच होतं. त्यांनी जेवणाच्या ताटाशेजारी बोटानं भोवरा काढला. भोवरा जसा डुलत फिरतो तशी पृथ्वी डुलते, फार सावकाश, आणि तिचा कणा आकाशात वेगवेगळ्या जागी रोखला जातो. आज ज्याला आपण अढळ म्हणतो तो ध्रुव त्या लोकांच्या काळी उत्तरेला स्थिर नव्हताच, इतरांसारखा तोही फिरत होता. अढळपद वगैरे सगळं नंतरचं. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. तेव्हा मला कुठलंच पद अढळ वाटत नव्हतं.

तर काम असं ठरलं की प्रत्येक मडकीजोडीची दिशा मी कंपासनं घ्यायची आणि वहीत लिहायची. मडक्यांच्या दक्षिणेला उभं राहायचं, डाव्या तळहातावर कंपास धरायचा, वाकून मडक्यांच्या रेघेवरून नजर लावायची, आकडा लिहायचा. सकाळी थंडीत बोटं आखडायची. मी आकडे लिहीत गेले. आत काय आहे याकडं बघायचं नाही असं मी ठरवलेलं नव्हतं, तसं ठरवावंच लागलं नाही. मडक्याच्या आत बारीक बारीक फासळ्या दिसायच्या आणि मी त्यांची लांबी लिहायची. एकदा एका जबड्यात हाडाच्या आत दडलेले दात दिसले, वर न आलेले. सरांनी सांगितलं म्हणून मी तेही लिहिलं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सरांनी वही बघितली आणि त्यांचे डोळे चमकले. मडकी उत्तरेला नव्हती. प्रत्येक जोडी उत्तरेच्या जराशी पूर्वेला कललेली होती. थोडीच, पण सगळ्या जवळजवळ सारख्याच. सरांनी दोन दिवस तंबूत बसून कोष्टकं मांडली. त्या काळी त्या जागी क्षितिजावर एक ठळक तारा उगवत असणार, असं त्यांच्या गणितात आलं. म्हणजे आईबाप मुलाचं डोकं त्या ताऱ्याकडं करून ठेवत होते. सरांनी लेख लिहायला घेतला. मला म्हणाले, बाई, या तुमच्या वहीनं मोठं काम केलंय. मी बरं म्हटलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

ज्याला हे पटलं नाही तो एकच माणूस होता, आमचा मुकादम. साठीचा, पांढऱ्या दाढीचा मुसलमान गृहस्थ, राहणारा खुलताबादकडचा. निजामाच्या खात्यात पोरवयात टोपल्या उचलायला लागला, पोलीस अ‍ॅक्शननंतर साहेब बदलले, खातं बदललं, हा खुरपं घेऊन तिथंच. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मातीचा रंग बदलला की बोट न लावता सांगायचा. खड्ड्यांच्या चारी बाजूंच्या दोऱ्या तोच बांधायचा, उत्तर-दक्षिण, आणि त्या दोऱ्यांवर त्याचा भारी जीव.

तो माझ्याजवळ आला, सरांकडं गेला नाही. “बाई, मडकी माझ्या दोरीच्या रांगंत हायेत,” तो म्हणाला. “म्या तीनदा बघितलं. मग तुमच्या वहीत तिरपी कशी?”

मी म्हटलं, चाचा, तुमची दोरी डोळ्यानं बांधलेली, माझं यंत्र आहे. हे मी उद्धटपणानं म्हटलं नाही, तरी त्याला लागलं असणार. तो सरांकडं गेला. सरही आधी हसले. पण ते प्रामाणिक होते, आणि लेख छापून आल्यावर कोणी हसण्यापेक्षा आत्ताच खात्री करावी इतकं शहाणपण त्यांच्यात होतं.

खात्री करायची रीत त्या मडक्यांइतकीच जुनी. सपाट जागेवर सरळ काठी रोवली, दोरीनं काठीभोवती एक गोल आखला. सकाळी काठीची सावली लांब असते, मग आखडत जाते. तिचं टोक गोलाला टेकलं तिथं मुकादमानं खुंटी मारली. मग दुपारभर वाट बघायची. सावली पुन्हा लांबत दुसऱ्या बाजूनं गोलाला टेकली की दुसरी खुंटी. दोन खुंट्यांमधली रेघ ती पूर्व-पश्चिम, तिला आडवी ती उत्तर. यात लोखंड नाही, ध्रुव नाही, चुकायला फारसं काही नाही. आम्ही तिघं तिथंच भाकरी खाऊन बसलो. सर म्हणाले, हे करायला एक आख्खा दिवस लागतो, म्हणजे त्या लोकांनी मूल गेल्यावर एवढा वेळ काढला असेल का, की दिशा गावात आधीच ठाऊक असेल? मुकादम म्हणाला, लेकरू गेल्यावर वेळच वेळ असतो साहेब. त्याचीही दोन गेली होती, असं मला नंतर कळलं.

दुपारची खुंटी मारून रेघ काढली, तर ती मुकादमाच्या दोरीशी तंतोतंत जुळली. मडकी सरळ उत्तरेला होती.

सरांनी कंपास मागितला. त्यांच्या हातात तो त्या रेघेशी जुळला. मग माझ्या हातात दिला. माझ्या हातात काटा सरकला. पुन्हा त्यांच्या हातात, बरोबर. पुन्हा माझ्या, चूक. तीनदा झालं. सर माझ्या तोंडाकडं बघायला लागले, आणि मला वाटलं आता हे म्हणणार की या बाईत काही उरलेलं नाही, हे यंत्रालासुद्धा कळतंय.

मुकादम उकिडवा बसला होता. त्याच्या डोळ्यांच्या पातळीला माझं मनगट होतं. “बाई, तुमच्या हातात लोखंड हाय,” तो म्हणाला.

काखेत कळसा म्हणतात तसं झालं. डाव्या हातातल्या बांगड्यांना तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. आपल्या बायकांच्या बांगडीला, मंगळसूत्राला एखादी पिन असतेच, पदर फाटला, हूक तुटला तर हाताशी असावी म्हणून. सर वैतागले. त्यांचा तारा गेला होता, लेख गेला होता, वैतागायचा त्यांना हक्क होता. ते म्हणाले, एवढी साधी गोष्ट बाई, पिना घालून कंपास धरतात का? एक नाही, तीन-तीन? आणि एवढ्या मोठ्या?

“लंगोटाच्या आहेत,” मी म्हटलं.

ते बोलताना मला स्वतःलाच कळलं. रात्री-अपरात्री लंगोट बदलताना शोधायला लागू नयेत म्हणून मी त्या बांगडीला अडकवायची. ती गेली त्या पहाटेपासून त्या तिथंच होत्या. अंघोळीला होत्या, स्वयंपाकाला होत्या. मला दिसल्या नाहीत असं नाही, रोज दिसत होत्या. काढायच्या असतात हे कळलं नव्हतं. सरांना सगळं माहीत होतं, माझा रजेचा अर्ज त्यांनीच मंजूर केला होता. ते खाली बघून म्हणाले, मोजमापं उद्या परत घेऊ, घाई नाही. मुकादमानं आपल्या टोपीखालचा रुमाल काढून झटकला आणि पुढं धरला. पिना सोडवताना एक बांगडी पिचली. मी पिना त्या रुमालात ठेवल्या.

पुढचे दोन दिवस मी सगळ्या दिशा नव्यानं घेतल्या. मोकळ्या हातानं. उत्तर, उत्तर, उत्तर. कोणी थोडं इकडं, कोणी थोडं तिकडं, माणसाच्या हातानं व्हावं तेवढंच. पहिल्यांदा मी आत बघितलं. एका मडक्यात मुलाचं डोकं जिथं टेकलं होतं तिथं खाली एक गुळगुळीत गोटा होता, उशाला दिल्यासारखा. सर म्हणाले तो मातीबरोबर आला असेल, नोंद करा पण अर्थ लावू नका. मी नोंद केली. अर्थ लावला नाही. पण त्या मडक्याच्या पलीकडं हातभर अंतरावर चूल होती, आणि चुलीच्या कडेला बसायची जागा सारवून सारवून खोलगट झालेली होती. म्हणजे ती बाई रोज तिथं बसत होती. भाजत होती, निवडत होती, आणि तिला माहीत होतं की मूल कुठं आहे, त्याचं डोकं कुठं आहे, पाय कुठं आहेत. तिला कोणी सांगितलं नव्हतं की जागा विचारू नको.

मला तिचा हेवा वाटला. इतका, की मी वही खाली ठेवली. इतक्या दिवसांत मला काहीतरी वाटलं ते हे. दुःख नाही, हेवा, आणि त्याच्या पाठोपाठ राग. सासूबाईंचा, दारात अंघोळ करणाऱ्या दोघा भावांचा, सगळ्यांचा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या वीसेक पोरांची डोकी कुठं आहेत हे मी अंशात सांगू शकत होते.

शनिवारी मी घरी आले. रविवारी सकाळी यजमान खिडकीपाशी आरसा टांगून दाढी करत होते. मी त्यांच्या मागं उभी राहिले आणि म्हटलं, मला जागा बघायची आहे. सासूबाई आतून म्हणाल्या, काय म्हणती ती? यजमान आरशातून माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं नाही म्हणतील. त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून तोंड पुसलं, चपला घातल्या आणि म्हणाले, चल. सासूबाई दारापर्यंत आल्या.

खाम नदीच्या पलीकडं, वस्ती संपते तिथं मोकळं माळरान होतं. काही शेळ्या चरत होत्या. खुणेचा दगड नाही, काही नाही, बाभळीची झुडपं आणि मधूनमधून माती उकरून पुन्हा बसलेली. एकटी आले असते तर जन्मात सापडली नसती. यजमान एका वाकड्या बाभळीपाशी गेले, तिला पाठ लावून उभे राहिले आणि पावलं मोजत निघाले. ओठ हलत होते. सव्वीस पावलांवर थांबले. तिथं वाळलेल्या बोरीची काटी, म्हणजे काट्यांची फांदी, दाबून ठेवलेली होती. काटी जुनी नव्हती. वर आणखी एक हिरवट फांदी होती, चार-सहा दिवसांपूर्वी तोडलेली असावी.

“तुम्ही येता इथं?” मी विचारलं.

“कंपनीतून येताना,” ते म्हणाले. “कुत्री काटी ओढून नेतेत.”

मी त्यांना इतके दिवस काय काय समजत होते, ते सगळं माझ्या तोंडात आलं आणि तिथंच राहिलं. मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. डोकं कुठल्या बाजूला आहे?

ते गोंधळले. म्हणाले, दिशा-बिशा कोणी सांगितली नाही, भावानं खड्डा घेतला, मीठ टाकलं, मी ठेवलं. दिशेचं भान कुणाला होतं? ते काटीच्या कडेनं फिरले, एका जागी थांबले, परत दोन पावलं मागं आले. मातीकडं बघत होते, पण त्यांना माती दिसत नव्हती. मग त्यांनी दोन्ही हात पुढं घेतले, कोपरात दुमडून, कापडात गुंडाळलेलं लेकरू धरतात तसे. तसेच हात धरून हळूहळू गुडघ्यावर बसले. डावं कोपर जरा वर होतं.

“डोकं या हातावर होतं,” ते म्हणाले.

उत्तर कुठं ते मी बघितलं नाही. त्यांच्या डाव्या हाताशी जाऊन खाली बसले. ते तसेच वाकलेले होते, हात जमिनीपासून वीतभर वर. खाली येत नव्हते. तिला ठेवलं त्या सकाळपासून हे हात असेच होते आणि त्यांना ते खाली करता आलेले नव्हते, हे मला तेव्हा समजलं. मी त्यांच्या कोपराला हात लावला.

“ठेवा आता,” मी म्हटलं.

त्यांनी हात जमिनीला टेकवले.